ओळीवर चालणारी नजर

पोथीच्या चालीत भूगोल म्हणता येतो, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण अणदुरात वीरप्पा वाण्याच्या घरावरून दुपारचं कुणी गेलं, तर त्याच्या कानावर तोच पडायचा, आणि तो बिचारा हात जोडून पुढं जायचा. आत माजघरात पोरं मांडी घालून बसलेली असत. एक पोरगी पुढं म्हणे आणि बाकीची तिच्यामागून झुलत म्हणत, "बोरी धावे भीमेकडे, तेरणा मिळे मांजरेशी..." वाटसरूला वाटे, श्रावण आहे, पोथी लागली आहे. नीलम्माला नेमकं हेच हवं होतं. ती पोरांसमोर शांत तोंडानं बसलेली असे आणि तिचे कान मात्र दारात असत.

जर्मन-जपानची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. निजामाच्या मुलखात रॉकेल अजून परवान्यावरच मिळायचं, आणि शाळाही. सरकारच्या परवानगीवाचून कुणी खाजगी शाळा चालवायची नाही, असा कायदाच होता. परवानगीचा अर्ज करावा, तर तो वर जायचा, आणि वर गेलेला अर्ज खाली येताना अणदुरात तरी कुणी पाहिला नव्हता. गावात सरकारी मदरसा, म्हणजे शाळा, होती. तिथं सगळं उर्दूतून चालायचं आणि पोरींना तर कुणीच पाठवत नसे. मग आईनं आपल्याच घरात आपल्याच लेकराला बाराखडी शिकवली, तर ती शाळा म्हणायची की काय म्हणायचं? याचं उत्तर ज्याच्या कमरेला पट्टा असेल तो देईल तेच. म्हणून सगळे गप्प होते.

नीलम्मा गप्प राहणाऱ्यांतली नव्हती, हे तिचं दुर्दैव म्हणा नाहीतर तिच्या नवऱ्याचं. तिचं माहेर अक्कलकोटचं, निजामाच्या हद्दीपलीकडचं. तिचे वडील महालिंगप्पा भुसाराचे व्यापारी, पण वाचनाचं वेड असं की दिवेलागणीच्या आधी घरातलं सगळं माणूस ओसरीवर जमलंच पाहिजे. एकानं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं ते पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. तिसऱ्यानं त्यात खोट काढायची. स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा चुलीपाशी बसून खोट काढायच्या. लग्नात बापानं लेकीला भांडी दिली तशी पत्र्याची एक पेटीभर पुस्तकंही दिली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनानं पेटी उघडली, वरची लुगडी बघितली आणि झाकण लावलं. नाहीतर ती पुस्तकं निजामाच्या मुलखात आलीच नसती.

त्या पेटीवर तिनं आपल्या दोन्ही पोरांना, नागू आणि गुंडाप्पाला, शिकवायला घेतलं. शेजारच्या कुलसुमबीनं एक दिवस आपली मदिना आणून बसवली, म्हणाली, "हिलाबी बसू दे, माझं जलम तर चूल फुंकण्यात गेलं." मग गल्लीतली आणखी काही पोरं आली. माहेरचीच रीत तिनं इथं लावली. वाचायचं, वाचलेलं सांगायचं, सांगितलेलं धुळाक्षरात गिरवायचं, आणि उठण्याआधी तळहातानं धूळ पुसून टाकायची.

शेजारच्या गावात बसप्पा नावाचा माणूस असाच सोप्यात चार पोरं घेऊन बसायचा. त्याला तहसिलीत नेलं. काही दिवसांनी सोडलं. तिचा नवरा वीरप्पा त्याला भेटून आला तो पांढऱ्या तोंडानंच. म्हणाला, "इचारलं तर म्हणतंय, काय न्हाय झालं. पण भाकरीचा तुकडा मोडताना हात कसा कापायलाय त्याचा! बास कर हे, नीलम्मा. रॉकेलचा परवाना जाईल त्ये जाऊ दे, पण मला न्हेतील का तुला न्हेतील, ह्येबी म्हाईत न्हाय."

नीलम्मा घाबरली. ती घाबरली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या दिवसापासून भीती तिच्या घरात पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली. दारात चप्पल वाजली की तिच्या हातातलं पुस्तक पदराखाली जायचं. पण नागू दारातली मोकळी धूळ दिसली की बोटानं त्यात काहीबाही लिहीत बसायची, आणि त्या पोरीच्या हातातून पुस्तक काढून घ्यायचं नीलम्माच्या जिवावर यायचं. मग तिनं ही पोथीची युक्ती काढली. पोथी वाचायला परवानगी लागत नव्हती. गणित असो, भूगोल असो, सगळं चालीत म्हणायचं. खरी पोथी पाटावर उघडी ठेवायची आणि बाकीची पुस्तकं ज्वारीच्या कणगीत. पोरांना चालीची इतकी सवय लागली, की गुंडाप्पा दुकानात बापाच्या शेजारी बसून गुळाची ढेप कितीला, हेही झुलत झुलत सांगायचा. हरिबा गुरव गूळ न्यायला आला, तर त्या दरालाच पोथी समजून त्यानं डोळे मिटून मान डोलावली. वीरप्पाला हसावं की रडावं कळेना.

इथवर सगळं ठीक होतं. घात झाला तो बाजारात.

नळदुर्गच्या आठवडी बाजारात एका वैद्यानं सोलापुराहून आणलेली औषधाची जाहिरात टांगली होती. नीलम्मा मिरच्या घेत होती. मागून नागूचा खणखणीत आवाज आला, "पोटदुखी, डोकेदुखी, आणि जुनाट खोकला यांवर..." शेजारी शिपाई उभा होता. तो वळून म्हणाला, "अरे वा! कुठं शिकली गं?"

"आजोळी," नीलम्मा म्हणाली. "अक्कलकोटला. लई दिवस तिथंच होती." आणि पोरीचा दंड धरून ती मिरच्या तिथंच टाकून निघाली.

घरी आल्यावर तिनं नागूला मारलं. आजवर तिनं पोरीच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. नागू रडत रडत म्हणाली, "म्या मुद्दाम न्हाय वाचलं अव्वा. त्ये आपोआपच वाचलं जातंय. डोळा पडला की वाचलं जातंय."

हे खरं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. चाल लावून आवाज लपवता येतो. पण ज्याला अक्षर येतं त्याची नजर ओळीवर पडली की आपोआप चालायला लागते. ती थांबवायची कशी? समोर कुणी जाणता माणूस बसला असेल, तर पोरानं तोंड उघडायचीही गरज नाही. नुसते डोळे बघितले की झालं.

मग नीलम्मानं जे केलं, ते तिच्या वडिलांच्या ओसरीवर कधी कुणाला सुचलं नसतं. वाचायला शिकवून झालं की ती न वाचायला शिकवायला लागली. पदर कमरेला खोचून, आवाज जाड करून ती स्वतःच तपासणीला आलेला साहेब व्हायची आणि पोरांपुढं पुस्तक टाकायची. "हे काय लिवलंय?"

"येत न्हाय, साहेब."

"मग बघतोस काय?"

"चित्र बघायलोय, साहेब."

पहिल्या दिवशी पोरं खुदुखुदू हसली. मदिना तर हसून लोळलीच. पण नीलम्मा हसत नव्हती. ती पोरांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बुबुळं बघायची. बुबुळ जरा जरी सरकलं की म्हणायची, "सरकलं! नेलं तुला! आता तुझ्या अप्पालाबी नेतील!" हळूहळू पोरांचं हसणं थांबलं. तिनं त्यांना एक तोड शिकवली. पानाच्या कडेला जी पांढरी, कोरी जागा असते ना, तिथं नजर ठेवायची. तिथं वाचण्यासारखं काही नसतं. नजर तिथं टेकवायची आणि हलू द्यायची नाही.

सगळ्यांना ते लवकर जमलं. गुंडाप्पाला तर जमवायलाच लागलं नाही, कारण तो खरोखरच कमी वाचायचा. जमेना ते एकट्या नागूला. तिची नजर कडेवर ठरायची आणि पुन्हा ओळीवर घसरायची. नीलम्मा तिला वेळीअवेळी पकडायची. पोरगी भाकरी खात असली, पाणी आणत असली, वेणी घालून घेत असली, तरी एकाएकी पुस्तक पुढं यायचं आणि तो जाड आवाज. पोरगी दचकायची. वीरप्पा एकदा म्हणाला, "अगं, पोर झोपंत बडबडायलंय." नीलम्मा म्हणाली, "बडबडू दे. तुमाला तहसिलीत न्हेलं तर मग कोण बडबडणार?" तिचंही चुकत होतं असं म्हणवत नाही. भ्यालेल्या माणसाच्या हातून काय होतं आहे, ते त्याला स्वतःला कुठं दिसतं?

एके दिवशी दुपारी कुलसुमबी मागच्या दारानं धावत आली. तिचा भाऊ चाँदपाशा तहसिलीत चपराशी होता. त्यानंच कुणाच्या तरी हाती सांगावा धाडला होता. "नीलम्मा, साहेब निघाले. सीधे तुझ्याच घरला यायलेत. कुणीतरी चुगली केली गं."

पोरांना घरी पाठवायला वेळ नव्हता. दारातून पोरांची रांग बाहेर पडताना साहेबानं बघितली असती तर आणखीच वाईट. नीलम्मानं भूगोल कणगीत खुपसला, पोथी पाटावर सारखी केली आणि विभूतीची बोटं कपाळावर ओढली. घाईत विभूती डोळ्यात गेली. वीरप्पा दुकानातून आला आणि खांबाला धरून उभा राहिला.

साहेब आला तो ओरडत आला असता, तर बरं झालं असतं. पण तो उतारवयाचा, काळ्या शेरवानीतला माणूस होता. त्यानं दारात जोडे काढले. पाणी मागितलं आणि ते बसून प्यायला. मराठी स्वच्छ बोलत होता. "बाई, घाबरू नका. पोथी चालू द्या. मी ऐकतो." त्याच्या मागं चाँदपाशा बस्ता घेऊन उभा होता. समोरच्या पोरांत त्याची सख्खी भाची मदिना बसली होती. त्यानं एकदाच तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही.

नीलम्मा वाचायला लागली. चाल सुटली नाही. अध्याय संपला तसं साहेबानं विचारलं, "आणि ही पोरं रोज काय करतात?"

"ऐकत्यात."

"फक्त ऐकतात?"

"व्हय. पुण्य लागतंय म्हणून आया पाठिवत्यात."

साहेबानं मान डोलावली. मग बस्त्यातून त्यानं एक पुस्तक काढलं. पोरांसाठी छापलेलं, रंगीत चित्रांचं, अगदी नवं करकरीत. असं पुस्तक त्या घरात कुणी बघितलं नव्हतं. पोरांवरून त्याची नजर फिरली आणि सगळ्यांत मोठ्या पोरीवर थांबली. "बेटी, इकडं ये."

नागू उठली. साहेबानं पुस्तक तिच्यापुढं उघडं ठेवलं. वाच म्हणाला नाही. तो नीलम्माशी बोलायला लागला. यंदा मूग कसा आहे, विहिरीला पाणी किती, माहेर कुठलं. आणि बोलताना त्याचे डोळे नागूच्या डोळ्यांवर होते. हा जाणता होता. त्याला काय बघायचं ते ठाऊक होतं.

नीलम्मा समोरच्या बाजूला बसली होती. तिला पान उलटं दिसत होतं, तरी तिची स्वतःची नजर त्यावर चालायला लागलीच. एका राणीला रात्री कुणीतरी हाक मारी. राणी उठून दार उघडी, तर बाहेर कुणी नसे. एके दिवशी राणी दार न उघडता दारामागंच उभी राहिली, आणि... पान संपलं. पुढं काय झालं? एवढ्या भयातही नीलम्माला पुढचं पान उलटावंसं वाटलं! मग नागूचं काय होत असेल? त्या पोरीनं आजवर गोष्ट अर्धी सोडून जेवणसुद्धा केलं नव्हतं. साहेबानं बोलता बोलता सहज बोटानं पान उलटलं. पानावर दारामागं उभी असलेली राणी होती, आणि खाली चार ओळी.

नागूची बुबुळं हलली नाहीत. कोऱ्या कडेवर, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या जागेवर, ती जशी खिळली होती तशीच राहिली. चित्राकडंही गेली नाहीत. खांबाजवळ वीरप्पाचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला होता.

साहेबानं चित्रावर बोट ठेवलं. "काय दिसतंय, बेटी?"

"बाई हाय."

"आणि खाली?"

"काळं काळं हाय, साहेब. मला येत न्हाय."

साहेबानं बराच वेळ तिच्याकडं बघितलं. मग नीलम्माकडं. "रोज वाचन ऐकणारी पोरं, आणि एकालाही अक्षर कळत नाही," तो म्हणाला. "अफसोस की बात आहे, बाई." तो उठला. चाँदपाशानं पुस्तक उचलायला हात पुढं केला, तर म्हणाला, "राहू दे. चित्रं बघेल पोरगी."

त्याला काही समजलं होतं की नव्हतं, हे त्याचं त्याला ठाऊक. दिवस कलायच्या आत चाँदपाशाचा निरोप कुलसुमबीकडं आला, की कागदावर 'पोथीवाचन, मदरसा नाही' असं लिहून साहेब नळदुर्गला गेलेसुद्धा. वीरप्पानं गल्लीत गूळ वाटला. कशाचा, ते सांगितलं नाही. मग तो घरात आला आणि नागूला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून रडला. "वाचिवलंस बाई," म्हणाला. "सगळ्यांना वाचिवलंस."

नागू खाली उतरली आणि चुलीपाशी जाऊन बसली. दमली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

दिवेलागणीला नीलम्मानं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. कित्येक महिन्यांनी तिचे कान दारात नव्हते. चुलीजवळ नागू बसली होती. नीलम्मानं ते नवं पुस्तक पदराखालून काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिला माहेरची ओसरी आठवत होती, बापाचा आवाज आठवत होता. पोरीला आज काय द्यावं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं.

"घे. आता कुणी न्हाय. वाच राणीची गोष्ट. माझी वाघीण!"

नागूनं पुस्तकाकडं बघितलं. "मला येत न्हाय."

नीलम्मा हसली. "अगं, गेला साहेब. संपलं ते. आता मोठ्यानं वाच, मलाबी ऐकायचंय पुढं काय झालं ते."

"येत न्हाय मला."

"नागू."

"खरंच येत न्हाय. काळं काळं दिसतंय."

नीलम्माचं हसू विझलं. तिनं बोट ओळीवर ठेवलं. पहिलं अक्षर दाखवलं, जे ही पोर धुळीत गिरवत पहिल्यांदा शिकली होती. "हे काय? एवढं तरी सांग." नागूनं नुसती मान हलवली. नीलम्मानं लाडीगोडी लावली, शप्पथ घातली, तिला कुशीत घेतलं. पोरीचं अंग ताठ होतं. मग नीलम्माच्या मनात भलतंच आलं. पोरीचं वाचणं खरंच गेलं होतं का? एवढी नजर दाबून धरताना आतलं अक्षरच विझलं होतं का? की येत असूनही ती नाही म्हणत होती, आपल्या आईला, बंद दाराआड? दोन्हींतलं कुठलं बरं, हे नीलम्माला ठरवता येईना.

खात्री करायची एकच वाट तिला ठाऊक होती. तिनं दिवा जवळ ओढला, पोरीची हनुवटी वर केली आणि तिची बुबुळं बघायला लागली. दुपारी साहेबानं बघितली होती तशीच. ती नजर एकदा तरी सरकावी, ओळीवर पाऊलभर तरी चालावी, म्हणून तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. आजवर तिनं याच्या उलटं मागितलं होतं.

बुबुळं पानाच्या कडेवर होती. हलली नाहीत.

नीलम्माच्या हातातून हनुवटी सुटली. ती भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू कोसळलं, तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर येत होता. नागूनं पुस्तक हळूच मिटलं. आईचं रडणं बघून ती बावरली. मग जवळ सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं,

"अव्वा, आता बरोबर जमलं का?"